वण, बालकांच्या चेहऱ्यावरील

वण, बालकांच्या चेहऱ्यावरील : त्वचेची पूर्ण जाडी छेदणारी जखम भरून येताना मूळ ऊतकाच्या जागी जे तंतुमय संयोजी ऊतक तयार होते आणि जे त्वचेवर कायमच्या खुणेच्या रूपाने राहते, त्याला ‘वण’ किंवा ‘व्रणचिन्ह’ म्हणतात. केवळ बाह्यत्वचेपुरते खरचटले असता वण राहत नाही. जखम अंतस्त्वचेपर्यंत पोहोचली की वण टाळता येत नाही, फक्त तो बारीक, सपाट व त्वचेच्या रंगाशी मिळताजुळता व्हावा असा प्रयत्न करता येतो. चालावयास शिकणारी व धावती-खेळती मुले उंबरठा, पायरी, पलंगाची कड किंवा झोपाळा यांवर आपटून पडतात आणि कपाळ, भुवई, हनुवटी व ओठ या ठिकाणी त्यांना वारंवार चिरा पडतात. असा वण मुलाबरोबर वाढतो व जन्मभर सोबत राहतो. म्हणून त्याच्या उपचारांस शारीरिक महत्त्वाइतकेच मानसिक व सामाजिक महत्त्व आहे.

वणाचे अंतिम स्वरूप मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : जखमेतील दूषण, तिच्या कडांवरील ताण आणि ती भरून येण्यास लागणारा काल. व्यक्तीची आनुवंशिक प्रवृत्ती, त्वचेचा वर्ण व वय यांचाही परिणाम होतो. परंतु पहिल्या तीन गोष्टी बऱ्याच अंशी उपचारकाच्या हाती असतात. या तिन्हींचे महत्त्व मानवाला निरनिराळ्या काळी कळले, कधी कळूनही विसरले गेले. या उपचारांचा इतिहास हा प्रामुख्याने त्या आकलनाचा इतिहास आहे.

प्राचीन काळ : चेहऱ्यावरील जखमेच्या उपचारांचे सर्वांत जुने पद्धतशीर वर्णन ईजिप्तमधील ‘एडविन स्मिथ पपायरस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या हस्तलिखितात आढळते. हे हस्तलिखित इ. स. पू. सु. १६०० मधील असून ते त्याहूनही प्राचीन ग्रंथाची नक्कल आहे. एडविन स्मिथ यांनी ते १८६२ मध्ये लक्सॉर येथे विकत घेतले व जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी त्याचे भाषांतर १९३० मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील ४८ रुग्णवर्णनांपैकी एकात भुवईवरील चिरेचा उपचार सांगितला आहे. कडा टाक्यांनी जवळ आणाव्यात, पहिल्या दिवशी त्यावर ताजे मांस बांधावे, टाके सैल झालेले दिसल्यास दोन पट्ट्यांनी कडा पुन्हा जुळवाव्यात आणि नंतर बरे होईपर्यंत रोज चरबी व मध लावावा, असा त्याचा क्रम आहे. टाके व पट्टी या कडा जुळविण्याच्या दोन्ही पद्धती येथे एकत्र आढळतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

रोममध्ये इ. स. पहिल्या शतकात सेल्सस यांनी जखमेचे सीवन आणि दाहाची चार लक्षणे (लाली, सूज, उष्णता व वेदना) यांचे वर्णन केले. दुसऱ्या शतकात पर्गमम येथे ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार करणारे गेलेन यांनी रेशीम आणि प्राण्यांच्या आतड्यापासून केलेली तात यांचा उल्लेख केला आहे.

भारतीय शल्यतंत्र : सुश्रुतसंहितेच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी जखम शिवण्याच्या तंत्राचे तिच्यातील विवेचन प्राचीन वाङ्‌मयात अत्यंत तपशीलवार आहे. छेदन, भेदन, लेखन, वेधन, एषण, आहरण, विस्रावण व सीवन या आठ शस्त्रकर्मांत सीवनाचा समावेश असून सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे नियम दिले आहेत. अल्प मांस असलेल्या जागी व सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागी तीन अंगुळांची तीन धारी सुई आणि मर्मस्थाने, वृषण व उदर यांवर धनुष्याप्रमाणे वाकडी सुई वापरावी, असे तेथे म्हटले आहे. धाग्यांसाठी अश्मंतकाची साल, ताग, क्षौम, स्नायू, केस, मूर्वा व गुळवेल यांचे तंतू सुचविले असून वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी असे टाक्यांचे चार प्रकार सांगितले आहेत.

वणाच्या दृष्टीने त्यातील दोन नियम विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला दूषणासंबंधी आहे : धूळ, केस, नख, हाडाचा सुटा तुकडा व साकळलेले रक्त जखमेतून काढल्यावाचून ती शिवू नये, अन्यथा ती पिकते. दुसरा ताणासंबंधी आहे : टाके कडेपासून फार दूर घातल्यास वेदना होतात, फार जवळ घातल्यास कडा फाटतात. शिवल्यानंतर प्रियंगू, अंजन, ज्येष्ठमध व लोध्र यांचे चूर्ण भुरभुरावे, असेही सांगितले आहे. याखेरीज चिकित्सास्थानात व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत जखम भरून आल्यानंतरचे उपचारही येतात. पांढरट वण काळसर करणारे ‘कृष्णकर्म’, काळसर वण उजळ करणारे ‘पांडुकर्म’ व वणावर केस उगवविण्यासाठी केलेले ‘रोमसंजनन’ हे त्यांपैकी होत. जखम भरली म्हणजे उपचार संपला, असे न मानता वणाच्या रूपाचा स्वतंत्र विचार करणारी ही दृष्टी त्या काळाच्या मानाने असामान्य होती.

नाक व कानाची पाळी जोडण्याची सुश्रुतोक्त परंपरा पुढील काळात काही कारागीर कुटुंबांत टिकून राहिली. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाच्या मराठा बैलगाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या सैन्याने कापले होते. पुण्याजवळ कपाळावरील त्वचेचा पल्ला खाली वळवून त्याचे नाक पुन्हा तयार करण्यात आले. या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्ये छापून आले. ते वाचून जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या आधुनिक सुघटन शस्त्रक्रियेच्या उगमाशी महाराष्ट्राचा असा प्रत्यक्ष संबंध आहे.

मध्ययुग व प्रबोधनकाळ : यूरोपात मध्ययुगात जखमेत पू होणे हे भरून येण्याचे शुभ लक्षण मानले जाई आणि तो व्हावा म्हणून जखमेत मलमे भरली जात. अशा जखमा उघड्या राहून तळापासून हळूहळू भरत व त्यांचे रुंद, ओढलेले वण राहत. इटलीतील थिओडोरिक बॉर्गोन्योनी (१२०५–९८) व फ्रान्समधील आंरी द माँदव्हील यांनी या समजुतीस विरोध केला. जखम मद्याने धुऊन स्वच्छ करावी, कडा जुळवाव्यात आणि ती कोरडी झाकून ठेवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि गेलेन यांच्या नावाने रूढ झालेल्या मतापुढे ते टिकले नाही आणि पुढील पाच शतकांहून अधिक काळ पू ही इष्ट गोष्ट मानली जात राहिली.

फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाझ पारे (सु. १५१०–९०) यांनी चेहऱ्याच्या जखमांसाठी ‘कोरडे सीवन’ या पद्धतीचा पुरस्कार केला. जखमेच्या दोन्ही बाजूंस चिकट लेप लावलेले कापडाचे तुकडे बसवावयाचे आणि त्वचेऐवजी ते तुकडे एकमेकांस शिवावयाचे, अशी ही पद्धत होती. सुईच्या छिद्रांचे डाग चेहऱ्यावर राहू नयेत, हा तिचा स्पष्ट हेतू होता. आजच्या चिकटपट्ट्यांमागील तत्त्व याहून वेगळे नाही.

जॉन हंटर (१७२८–९३) यांच्या १७९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कडा एकमेकींस सरळ चिकटून होणारे ‘प्राथमिक’ भरणे आणि पोकळी नव्या ऊतकाने भरत जाऊन होणारे ‘दुय्यम’ भरणे यांतील भेद निरीक्षणाच्या आधारे मांडला आहे. ही कल्पना जुनी असली, तरी या विवेचनाने तिला शास्त्रीय स्थान मिळाले. प्राथमिक भरण्यात वण रेषेसारखा राहतो. त्यामुळे चेहऱ्याच्या जखमेत प्राथमिक भरणे साधणे हे उपचारांचे उद्दिष्ट ठरले; परंतु दूषणाचे कारण अज्ञात असल्यामुळे ते हमखास साधत नव्हते.

एकोणिसावे शतक : या शतकातील दोन शोधांनी परिस्थिती पालटली. पहिला शोध शुद्धिहरणाचा होय. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १८४७ मध्ये जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. तोपर्यंत रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाला घट्ट धरून घाईने टाके घालावे लागत. अशा स्थितीत कडा अचूक जुळविणे अशक्यच होते. दुसरा शोध पूतिरोधाचा होय. ग्लासगो येथे १२ ऑगस्ट १८६५ रोजी जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय सापडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या उघड्या अस्थिभंगावर कार्बॉलिक अम्लाची पट्टी बांधली आणि जखम न पिकता भरून आली. १८६७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूक्ष्मजंतू हे पू होण्याचे कारण आहे, हे मान्य झाल्यावर ‘शुभ पू’ ही कल्पना लयास गेली. लिस्टर यांनी निर्जंतुक केलेल्या आतड्याच्या तातेचाही प्रसार केला. ती शरीरात शोषली जात असल्यामुळे खोलवरचे टाके आतच सोडणे शक्य झाले.

जर्मन शल्यविशारद पाउल लेओपोल्ट फ्रीड्रिख यांनी १८९८ मध्ये गिनीपिगांवर प्रयोग करून, दूषित जखमेतील जंतू सु. सहा तासांत ऊतकांत पसरू लागतात, असे दाखविले. त्यावरून सहा तासांनंतर जखम शिवू नये, असा नियम सर्वत्र रूढ झाला. चेहऱ्याचा रक्तपुरवठा विपुल असल्यामुळे तेथे हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, हे पुढील अनुभवाने सिद्ध झाले. चेहऱ्यावरील स्वच्छ जखम साधारणतः चोवीस तासांपर्यंत शिवता येते. दूरच्या खेड्यातून येणाऱ्या बालकाच्या दृष्टीने या दुरुस्तीचे महत्त्व मोठे आहे. उशीर झाला म्हणून जखम उघडीच ठेवण्याचे कारण उरत नाही.

ताणरेषा व सौम्य तंत्र : व्हिएन्ना येथील शारीरविज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये प्रेतांच्या त्वचेवर गोल टोच्याने छिद्रे पाडून ती लंबगोल होतात असे दाखविले व त्यांच्या दिशांवरून त्वचेच्या ताणाच्या रेषा आखल्या. पुढे जिवंत व्यक्तीच्या चेहऱ्यावरील शिथिल ताणरेषा यांहून काही ठिकाणी निराळ्या असल्याचे आढळले. या रेषांना समांतर पडलेली चीर बारीक वणाने भरते, तर त्यांना छेदणारी चीर रुंदावते. प्रौढांत या रेषा सुरकुत्यांवरून ओळखता येतात; बालकाच्या नितळ त्वचेवर त्या हलक्या चिमटीत धरूनच अजमावाव्या लागतात. पडून झालेल्या जखमेची दिशा निवडता येत नाही. त्यामुळे दोन मुलांवर सारख्याच कौशल्याने उपचार होऊनही वण वेगवेगळे दिसू शकतात.

अमेरिकेतील विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड यांनी ऊतके हळुवार हाताळणे, बारीक रेशीम वापरणे व कडांवर ताण न देणे ही तत्त्वे रूढ केली. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीझ यांनी इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ मध्ये सुरू झालेल्या रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांवर मोठे कार्य केले आणि १९२० मध्ये चेहऱ्याच्या सुघटन शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. युद्धकाळातील या अनुभवाचा लाभ पुढे मुलांच्या किरकोळ जखमांनाही झाला. खोल थरात शोषले जाणारे टाके घालून ताण तेथे घ्यावयाचा व पृष्ठभागावरील बारीक टाके केवळ कडा जुळविण्यापुरते ठेवावयाचे, ही पद्धती सर्वमान्य झाली. पृष्ठभागावरील टाके आठवड्याहून अधिक काळ राहिल्यास त्यांच्या छिद्रांतून बाह्यत्वचेच्या कोशिका आत वाढतात व शिडीसारख्या खुणा उरतात. म्हणून चेहऱ्यावरील टाके सामान्यतः तीन ते पाच दिवसांत काढतात. भारतात १९५० नंतरच्या काळात नागपूर येथे सी. बालकृष्णन आणि मुंबई येथे चार्ल्स पिंटो व नोशीर अँटिया यांनी सुघटन शस्त्रक्रियेच्या अध्यापनाचा पाया घातला.

बालकाची वेदना : कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनचा स्थानिक बधिरीकरणासाठी उपयोग दाखविला. स्वीडनमधील निल्स लफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन तयार केले व १९४८ पासून ते प्रचारात आले. तरीही लहान मुलांना वेदना कमी जाणवते किंवा ती त्यांच्या स्मरणात राहत नाही, अशा समजुतीमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांना पुष्कळदा पुरेशा बधिरीकरणाविना टाके घातले जात. कन्वलजीत आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांनी नवजात अर्भकांतही वेदना व तिचे शारीरिक दुष्परिणाम स्पष्टपणे होतात असे दाखविले आणि या समजुतीला मोठा धक्का बसला. याच दशकात जखमेवर नुसते लावून ठेवावयाची बधिरक मिश्रणे प्रचारात आली. प्रारंभीच्या मिश्रणातील कोकेन श्लेष्मल त्वचेतून शोषले जाऊन विषबाधा झाल्याचे प्रकार नोंदले गेले; त्यामुळे पुढे लिडोकेन, एपिनेफ्रीन व टेट्राकेन यांचे कोकेनविरहित मिश्रण रूढ झाले. मूल शांत राहिल्याने जखम नीट धुता येते व कडा अचूक जुळतात. म्हणजे वेदनाशमन ही केवळ दयेची बाब नसून वणाच्या स्वरूपाशीही तिचा थेट संबंध आहे.

टाक्यांना पर्याय : सायनोॲक्रिलेट या वर्गातील चिकटद्रव्यांशी हॅरी कूव्हर यांचा संबंध १९४२ मध्ये आला व त्यांची चिकटण्याची शक्ती १९५१ मध्ये ध्यानात आली. व्हिएटनाम युद्धात रक्तस्राव थांबविण्यासाठी त्यांचा फवारा वापरण्यात आला. मुलांच्या चेहऱ्यावरील चिरांवर टाके व ऊतक-चिकटद्रव्य यांची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत या प्रकारच्या एका द्रव्यास त्वचेवरील वापरासाठी मान्यता मिळाली. लहान, सरळ व ताण नसलेल्या जखमेत चिकटद्रव्य, चिकटपट्टी व टाके यांच्या वणांत दीर्घकालानंतर लक्षणीय फरक आढळत नाही. मात्र खोल, वाकड्यातिकड्या, ताणाखालील किंवा ओठाच्या कडेतून जाणाऱ्या जखमेस टाकेच घालावे लागतात. ओठाच्या लाल कडेची रेषा एक मिलिमीटरने चुकली, तरी ती समोरच्याला दिसते. भुवई हीच कडा जुळविण्याची खूण असल्यामुळे ती कधीही भादरत नाहीत.

वणाचे जीवशास्त्र : जखम झाल्यावर रक्त गोठणे, दाह, नवे ऊतक तयार होणे व त्याची पुनर्रचना अशा क्रमाने ती भरते. शेवटची अवस्था वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ चालते. पहिल्या आठवड्यात वणाची ताकद मूळ त्वचेच्या तुलनेने अत्यल्प असते, सु. तीन महिन्यांत ती फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि त्यापुढे वाढत नाही. मुलांत कोलॅजेनाची निर्मिती जोमाने होत असल्यामुळे वण अधिक काळ लाल व उंच राहण्याकडे कल असतो. सहाव्या आठवड्यातील लाल वण पाहून पालक हताश होतात. परंतु त्यावरून अंतिम स्वरूपाचा अंदाज करता येत नाही. वण दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया म्हणूनच सामान्यतः वर्षभर तरी लांबणीवर टाकतात.

जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर प्रयोग करून, ओलसर झाकलेली जखम उघड्या व खपली धरलेल्या जखमेपेक्षा सु. दुप्पट वेगाने बाह्यत्वचेने झाकली जाते, असे दाखविले. जखमेला हवा लागावी, या सार्वत्रिक समजुतीस त्यामुळे बाध आला. १९७९ मध्ये सु. २० आठवड्यांच्या मानवी गर्भातील जखम प्रौढांप्रमाणे वण न धरता भरत असल्याचे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि वणरहित भरण्याच्या संशोधनाला चालना मिळाली. त्यातून पुढे आलेले ॲव्होटर्मिन हे औषध २०११ मध्ये अंतिम टप्प्यातील चाचणीत निष्प्रभ ठरले. वण पूर्णपणे पुसून टाकणारे सिद्ध औषध अद्याप उपलब्ध नाही.

प्रचलित उपचार : रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून थांबविणे व जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे हे प्रथमोपचार होत. पिण्यायोग्य नळाचे पाणी यासाठी निर्जंतुक क्षारजलाइतकेच उपयुक्त असल्याचे चाचण्यांत आढळले आहे. डांबरी रस्त्यावरील किंवा मातीतील कण आत राहिल्यास त्वचेत गोंदल्याप्रमाणे कायमचे डाग उरतात. चीर उघडी राहत असेल, रक्त थांबत नसेल, जखम पापणी किंवा ओठ यांतून जात असेल अथवा डोक्याला मार लागून मूल ओकत किंवा गुंगत असेल, तर विनाविलंब वैद्यकीय साहाय्य आवश्यक असते. शेवटच्या प्रकारात वणापेक्षा मेंदूच्या इजेची चिंता अग्रक्रमाने करावी लागते.

घरगुती उपायांत चुना, राख, कॉफीची पूड किंवा शेण जखमेत भरण्याची चाल घातक आहे. त्यांचे कण जखमेत राहतात आणि माती व शेण यांतून धनुर्वाताचे जंतू जातात. भारतात १९७८ मध्ये व्यापक लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यानंतर बालकांतील धनुर्वात पुष्कळ कमी झाला असला, तरी प्रत्येक जखमेच्या वेळी लसीकरणाची नोंद पाहणे आवश्यक असते [⟶ धनुर्वात]. हळदीचा जखमेवरील उपयोग भारतात परंपरागत आहे. त्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या आक्षेपानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. ही परंपरा सर्वमान्य असली, तरी उघड्या चिरेत हळदपूड भरल्याने कडा जुळविण्यात अडथळा येतो. कुत्रा चावल्याने झालेली जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, प्रतिपिंडांचे अंतःक्षेपण व लस यांना सौंदर्यापेक्षा अग्रक्रम असतो. टाके शक्यतो टाळतात व अपरिहार्य असल्यास प्रतिपिंडे जखमेत टोचल्यानंतरच सैल घालतात [⟶ अलर्क रोग].

जखम भरून आल्यावर सूर्यप्रकाशापासून संरक्षण महत्त्वाचे असते. भारतीयांच्या गव्हाळ व सावळ्या वर्णात नवा वण उन्हाने अधिक काळवंडतो. म्हणून टोपी व प्रकाशरोधक मलम यांचा उपयोग वर्षभर करतात. हलके मर्दन व साधे स्निग्ध मलम यांनी कोरडेपणा व खाज कमी होते. सिलिकोन जेलच्या पट्ट्या १९८० नंतरच्या दशकात भाजलेल्या वणांसाठी प्रचारात आल्या. उंच वणावर त्यांचा काही उपयोग होतो, पण उपलब्ध पुरावा दुबळा आहे. ई जीवनसत्त्वाच्या मलमाने लाभ न होता काहींना त्वचादाह होतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत आढळले. वण मूळ जखमेच्या सीमेपलीकडे वाढू लागल्यास (केलॉइड) किंवा तो पापणी अथवा ओठ ओढू लागल्यास तज्ञाचा सल्ला घेणे इष्ट असते.

पहिल्या काही तासांतील स्वच्छता, कडांची अचूक जुळणी आणि वेळेवर काढलेले टाके यांनी जे साधते, ते नंतरच्या कोणत्याही महागड्या मलमाने साधत नाही. सुश्रुतांच्या काळी सांगितलेले व लिस्टर यांच्या काळी पुन्हा सिद्ध झालेले हे तत्त्व आजही चेहऱ्यावरील जखमेच्या उपचारांचा पाया आहे. प्रशिक्षित परिचर, बारीक धागा व मुलांना सोसवेल असे बधिरीकरण प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचणे, यावरच ग्रामीण भागातील असंख्य बालकांच्या वणांचे स्वरूप अवलंबून आहे.